जुन्या घराला नवा खण

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



जुने घर पाडू की ठेवू, असे विचारत लोक माझ्याकडे येतात. थोडा वेळ बोलणे झाले की कळते, खरी अडचण संडास-न्हाणीघराची आहे. आई ऐंशीच्या घरात आहे, रात्री दोनदा उठावे लागते आणि अंधारात परसापर्यंत जाणे तिला आता झेपत नाही. सून नोकरी करते. सकाळी सगळ्यांना एकाच वेळी न्हाणी हवी असते. मुलगा सुट्टीत पुण्याहून नातवंडांना घेऊन येतो आणि दोन दिवसांत परत जातो, कारण नातवंडांना उकिडवे बसता येत नाही. आपल्याकडे घर पाडण्याचा विचार बहुतेक वेळा इथून सुरू होतो. कोरीव महिरपी, कलाकुसर, वारसा हे शब्द फार नंतर येतात.

म्हणून मीही आज याच टोकापासून बोलणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते त्या सरांनी आयुष्यभर मुलांना सुतारकाम शिकवले. कुठल्याही घरात पाऊल टाकले की ते आधी वर पाहत. तुळया कुठून कुठे गेल्या आहेत, कोणत्या खांबावर किती भार आला आहे, कडीपाटाला कुठे डाग पडला आहे, हे पाहून झाल्यावरच चहा घेत. त्यांच्या स्मृतीला मान द्यायचा तर घर उभे कसे राहते आणि कशाने बसते, यावरच बोलायला हवे.

मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकते. जुन्या घराला जोड द्यायची असेल तर पाण्याची सगळी कामे नव्या भागात न्यावीत आणि माणसांनी राहावे जुन्या भागात. आज सर्रास याच्या उलटे होते. जुन्या खोल्यांत न्हाणीघरे आणि बेसिने घुसवली जातात, आणि झोपायला, बसायला मागे स्लॅबची नवी खोली बांधली जाते. मग जुना भाग ओलीने कुजतो, अडगळीचा होतो, आणि पंधरा-वीस वर्षांनी तो पाडावाच लागतो.

आपल्या घाटावरच्या वाड्याची रचना पाहा. खाली घडीव दगडाचे जोते. जोत्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा थर. भिंती भाजक्या विटांच्या, कच्च्या विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या. पुष्कळ घरांत बाहेरून भाजकी वीट दिसते आणि आत कच्ची असते. लाकूड आणि माती या दोघांचा शत्रू एकच, मुरलेले पाणी. ज्यांनी ही घरे बांधली त्यांना हे पक्के ठाऊक होते. न्हाणी मागच्या सोप्याच्या टोकाला, दगडी फरशीवर. संडास त्याहून लांब. पिण्याचे पाणी आडावरून भरून आणून माजघरात घडवंचीवर ठेवायचे. चौकात पडणारा पाऊस दगडी फरसबंदीवरून मोरीला आणि मोरीतून घराबाहेर. घरातले पाणी दिसेल अशा जागी आणि दगडावरूनच वाहायचे, लाकडाला किंवा मातीला ते कुठेही शिवायचे नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे मोठ्या संख्येने बसले. त्या भिंतींनी पिढ्यान्पिढ्या वरून येणारा पाऊस सोसला होता. त्यांच्या पायथ्याशी पाणी कधी उभे राहिले नव्हते, ते त्या दिवशी राहिले.

पुरासारखी मोठी घटना सगळ्यांच्या लक्षात राहते. एखाद्या घरात वर्षानुवर्षे झिरपणारा नळ तेच काम हळू करतो, आणि त्याची बातमी होत नाही.

नदीकाठच्या एका गावातले घर सांगते. एकचौकी वाडा, दोन भाऊ, एक गावात आणि एक बाहेर. माडीवर सोप्याच्या कोपऱ्यात पूर्वी कधीतरी न्हाणीघर काढलेले. कडीपाटावरच विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा टाकून वर फरशी बसवलेली, आणि सांडपाण्याचा पाइप भिंत फोडून बाहेर. खालच्या माजघरात एका कोपऱ्यात पाटांवर चहासारखा डाग होता आणि त्याच्याखाली भिंतीला लोणा धरला होता. घरच्यांनी दरवर्षी दिवाळीत तिथे रंग दिला होता. सुताराने शिडी लावली आणि तुळईवर हातोडीच्या दांड्याने ठोकत भिंतीकडे गेला. मध्यावर खणखणीत आवाज येत होता, भिंतीपासून दीड हातावर तो बसका झाला. तिथे त्याने पटाशी लावली. बाहेरचे साधारण बोटभर लाकूड शाबूत होते, त्याच्या आत पटाशी मुठीपर्यंत गेली आणि बाहेर आला तो तपकिरी भुगा. तुळईचे भिंतीत घुसलेले टोक पूर्ण कुजले होते. माडीचा तो कोपरा, वरच्या न्हाणीघरासकट, कशाच्या आधारावर उभा होता हे सांगणे कठीण आहे. बहुधा कड्यांनी आपसांत भार वाटून घेतला होता.

ठेकेदाराचा सल्ला होता, तुळई काढा आणि लोखंडी गर्डर घाला. सुतार म्हणाला, कुजले आहे ते दीड हात, बाकीचे अकरा हात लाकूड आजच्या बाजारात पैसे टाकूनही मिळणार नाही. तेव्हा खाली जाड फळ्या अंथरून, टेकू देऊन, जॅकने तुळई केसभर उचलली. कुजका भाग शाबूत लाकूड लागेपर्यंत कापला. तेवढ्याच जाडीचा जुन्या सागाचा तुकडा घेऊन तिरपा लांब सांधा केला. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या जवळजवळ तिप्पट धरली आणि आरपार बोल्ट घातले. भिंतीतल्या कोनाड्यात तुळईच्या टोकाखाली सपाट दगड बसवला आणि टोकाभोवती बोटभर मोकळी जागा सोडली. ही मोकळी जागा महत्त्वाची आहे. जुने सुतार ती सोडत असत. नंतरच्या गवंड्यांनी दुरुस्तीच्या नावाखाली ती सिमेंटने बुजवली आणि लाकडाला हवा मिळेनाशी झाली. नवा तुकडा रंगाने जुन्यासारखा केला नाही. माजघरात उभे राहून वर पाहिले तर सांधा दिसतो आणि दिसला पाहिजे, कारण पुढच्या माणसाला कळायला हवे की इथे काम झाले आहे.

मग प्रश्न उरला न्हाणीघराचा. त्या भावांच्या आईंची गरज खरी होती आणि ती टाळून कोणतेही जतन टिकले नसते. परसात मोकळी जागा होती. तिथे तीन खणांची जोड दिली. त्यात दोन न्हाणीघरे, संडास, स्वयंपाकघर आणि धुण्या-भांड्यांची जागा. सगळे नळ, सगळे सांडपाणी, पाण्याची टाकी, गीझर त्या तीन खणांत. जुन्या घरात एकही नळ ठेवला नाही. माडीवरचे न्हाणीघर उतरवल्यावर तो कोपरा पुन्हा झोपायची खोली झाला. आई आता माजघरालगतच्या खोलीत राहतात, आणि तिथून नव्या न्हाणीघरापर्यंत उंबरठा न ओलांडता सपाट जाता येते.

आता तुम्ही म्हणाल, अशी जोड दिली तर वाड्याचे मूळ रूप बिघडले नाही का? यासाठी थोडे मागे जायला हवे. आपली घरे एकदाच बांधून संपलेली नव्हती. खण हे त्यांचे माप होते, दोन खांबांमधले अंतर. कुटुंब वाढले की खण वाढवायचा, सुबत्ता आली की मागे दुसरा चौक, धाकट्याचे लग्न झाले की माडी. इथून जवळ मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा सहा चौकांचा आहे. असा वाडा फिरताना एका चौकातून दुसऱ्यात जातो तेव्हा माप ओळखीचे राहते, म्हणून इतक्या मोठ्या घरातही आपण हरवत नाही. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ साली दुसऱ्या बाजीरावासाठी बांधून झाला. पेशवाई संपल्यावर १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, आणि पुढे नगरपालिकेची कचेरीही त्याने सांभाळली. राहणारे बदलले, कामे बदलली, चौक आणि सोपे यांची मांडणी मात्र उपयोगी पडत राहिली.

कौलांचेही तसेच. आज ज्याला आपण जुन्या घराची खूण म्हणतो ते मंगलोरी कौल १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यानंतरचे. त्याआधी आपल्याकडे कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौले होती, कुठे गवताचे छप्पर, कुठे धाब्याचे. कारखान्याची कौले आली तेव्हा ती नवीच होती. पण वासे तसेच राहिले, उतार जवळपास तसाच राहिला, पागोळ्या गळण्याची जागा तीच राहिली, म्हणून घराने ती सहज स्वीकारली. तेव्हा जुने तेवढे चांगले, नवे तेवढे वाईट, अशी विभागणी मी करत नाही. घराच्या मापाशी आणि उताराशी नवे काम जुळते का, हे मी पाहते.

घराचा स्वभाव कशात असतो, याबद्दल माझे मत थोडे आग्रहाचे आहे. दर्शनी भिंत आणि कोरीव दरवाजा ठेवून मागे सहा मजले उभे करणे याला मी जतन म्हणत नाही. दिंडी दरवाजातून देवडीत, देवडीतून चौकात, चौकातून ओसरीवर, ओसरीवरून सोप्यात आणि तिथून माजघरात, असे आपण उघड्यातून हळूहळू आत जातो. प्रत्येक टप्प्यावर उजेड थोडा कमी होतो, बोलण्याचा आवाज थोडा खाली येतो, आणि कुणाला कुठपर्यंत यायचे ते न सांगता कळते. पोस्टमन ओसरीपर्यंत, शेजारीण सोप्यापर्यंत, माहेरवाशीण थेट आत. गोव्यातल्या जुन्या हिंदू घरांत राजांगणाभोवती, तर तिथल्या ख्रिस्ती घरांत रस्त्याकडे तोंड केलेल्या बाल्कांवापासून, हाच क्रम वेगळ्या तऱ्हेने येतो. हा क्रम शाबूत राहिला तर दरवाजाची कोयरी झिजली तरी घर ओळखू येते. क्रम मोडला तर सगळे कोरीव खांब जागेवर असूनही ते हॉटेलसारखे वाटू लागते.

यात सर्वांत आधी बळी जातो तो चौक. पाऊस आत येतो, कबुतरे येतात, माकडे येतात, म्हणून चौकावर फायबरचे पत्रे टाकतात. पहिल्या उन्हाळ्यातच घर भट्टी होते. चौकातून गरम हवा वर निघून जायची आणि तिच्या ओढीने खालच्या दारां-खिडक्यांतून गार हवा आत यायची, ती वाटच बंद झालेली असते. मग पंखे, मग कूलर, आणि शेवटी एसी बसवायला खिडक्या बुजवतात. छत टाकायचेच असेल तर ते चौकाच्या कडेच्या कौलांपासून दोन-अडीच फूट उंच घ्यावे, चारही बाजू मोकळ्या ठेवून तिथे जाळी लावावी, आणि त्याचे पाणी पन्हळीने थेट चौकातल्या मोरीला सोडावे. माकडे आत येत नाहीत आणि हवा जात राहते. ते छत हलके आणि नटबोल्टने काढता येईल असे असावे, म्हणजे उद्या कुणाला पुन्हा आकाश हवेसे वाटले तर भिंत फोडावी लागणार नाही.

जुन्या घरातली एक गोष्ट जपण्याच्या मी विरुद्ध आहे, आणि ते स्पष्ट बोलायला हवे. जुनी स्वयंपाकघरे. अंधारी, धुराने काळी पडलेली, एका झरोक्यावर चाललेली. त्यांत आपल्या आज्यांची, पणज्यांची डोळ्यांची आणि छातीची दुखणी वाढली. ओसरीवरच्या झोपाळ्याच्या आठवणी पुरुष लिहितात आणि त्या गोड असतात. चुलीपुढच्या आठवणी विचारायच्या तर घरातल्या बायकांना विचारा. घराचा स्वभाव जपायचा म्हणून एखाद्या सुनेला त्या खोलीत उभे करण्याचा अधिकार कुणालाही नाही. स्वयंपाकघर नव्या जोडीत न्यावे, पूर्वेची खिडकी द्यावी, उभ्याचा ओटा द्यावा, दोन बायका आणि एक पुरुष एकमेकांना न ढकलता काम करू शकतील एवढी जागा द्यावी. जुन्या स्वयंपाकघराच्या जाड भिंती आणि गारवा पुस्तकांना किंवा धान्याच्या कोठीला फार चांगला.

जोड कुठे आणि कशी द्यायची, याचे काही नियम कामातून पक्के झाले आहेत. जोड मागे किंवा बाजूला, दर्शनी नको. तिचे आढे जुन्या घराच्या वळचणीच्या खालीच राहावे, म्हणजे रस्त्यावरून पाहणाऱ्याला घर आधी दिसते तसेच दिसते आणि जुन्या पाख्याचे पाणी नव्यावर कोसळून आत शिरत नाही. नवी भिंत जुन्या भिंतीला चिकटवू नये. जुना पाया शतकभरात जेवढा बसायचा तेवढा बसलेला असतो, नवा पहिल्या काही पावसाळ्यांत बसतो, आणि दोन्ही एकजीव केले तर तडा जुन्याला जातो. शिवाय जुन्या भिंतीच्या कुशीला लागून खोल चर खणला तर तिच्या पायाखालची माती सुटते. नदीकाठच्या त्या घरात आम्ही मध्ये चार फुटांची पडवी ठेवली, वर काचेची कौले आणि साधी कौले आलटूनपालटून. जुन्याचा मागचा दरवाजा होता तसाच राहिला, आणि त्या दरवाजातून मिळणारा उजेडही.

नवे बांधकाम जुन्यासारखे दिसावे की वेगळे, यावर जगभर वाद झाले आहेत. १९६४ च्या व्हेनिस सनदेचा रोख असा की नवे काम मूळ वास्तूशी सुसंगत असावे, पण नवे म्हणून ओळखता आले पाहिजे. २००४ साली वारसा जपणाऱ्या इन्टॅक संस्थेने भारतासाठी जी सनद केली तिने आपल्याकडच्या कारागिरांची परंपरा अजून जिवंत आहे हे मान्य केले आणि त्यांच्या हातच्या कामालाही वारशाचेच मोल दिले. माझे मन दुसऱ्या बाजूला अधिक झुकते, पण एका अटीवर. कारागीर खरोखर सुतार असेल, खांब खरोखर भार घेत असेल, तर त्याने आजोबांसारखा खांब करावा, त्यात खोटे काही नाही. सिमेंटच्या खांबाला लाकडाचा रंग देऊन त्यावर साच्यातली फुले चिकटवायची, हे मात्र मला पाहवत नाही. त्यापेक्षा साधी विटांची भिंत, साधा लोखंडी खांब, आणि जुन्या घराचे खणाचे माप एवढे पुरे. माप जुळले की डोळा बाकीचे जुळवून घेतो.

आता वजनाबद्दल, कारण इथे चूक झाली तर माणसे दगावतात. मंगलोरी कौलांचे छप्पर वासे-रिपांसकट चौरस मीटरला साठ-सत्तर किलो भरते. पाच इंची स्लॅब तेवढ्याच जागेत तीनशे किलोंच्या वर जातो. माकडांनी कौले फोडून हैराण केले म्हणून जुन्या मातीच्या भिंतींवर तो स्लॅब टाकायचा, आणि त्यावर पाण्याची हजार लिटरची टाकी ठेवायची, असे मी अनेक गावांत पाहते. त्या भिंतींना हे ओझे कुणी कधी सांगितलेले नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंपात जे झाले त्याचा अभ्यास प्रत्येक गवंड्याने करायला हवा. सुमारे आठ हजार माणसे गेली. तिथली घरेही खणाचीच होती. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, साधारण अडीच मीटरवर एक खांब, भोवती दोन ते चार फूट जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात गारवा राहावा आणि पावसात गळू नये म्हणून माळवदावर अर्धा ते पाऊण मीटर मातीचा थर असे. दर चौरस मीटरला एक टनाच्या आसपास वजन माणसांच्या डोक्यावर. भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. हादरा बसल्यावर भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, गोल धोंडे आत-बाहेर ढासळले आणि छत खाली आले.

त्यानंतर उरलेल्या जुन्या घरांच्या मजबुतीसाठी जे उपाय पुढे आले ते जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावेत. छतावरची जादा माती उतरवायची. भिंतीत ठरावीक अंतरावर एकेक दगड काढून त्या भोकात सळई घालून काँक्रीट भरायचे, म्हणजे आरपार दगडाचे काम होते आणि दोन्ही पदर एकत्र बांधले जातात. छताच्या पातळीला चारही भिंतींभोवती सलग पट्टा द्यायचा. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे लाकडी किंवा लोखंडी हात द्यायचे. यातले काहीही केल्याने घराचे रूप बिघडत नाही. पट्टा गिलाव्याखाली जातो, तिरपे हात कडीपाटाशी शोभून दिसतात. १९६७ चा कोयनेचा भूकंप या जिल्ह्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. म्हणूनच जुन्या घराला जोड देताना मजबुतीचे काम आधी आणि जोड नंतर, हा क्रम मी कुणालाही मोडू देत नाही. पैसे कमी पडले तर जोड एक वर्ष थांबू शकते.

चुन्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. हिंदुस्थानात सिमेंटचे उत्पादन स्थिरावले ते १९१४ च्या सुमारास पोरबंदरच्या कारखान्यापासून. म्हणजे त्याआधीचे तुमचे-माझे कोणतेही घर चुन्यात किंवा मातीत बांधलेले आहे. अशा भिंतीत जमिनीतून थोडी ओल चढतेच आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते, वर चढत जाते, क्षार घेऊन येते, आणि कमरेएवढी असलेली ओल काही वर्षांत डोक्यापर्यंत पोचते. गिलाव्याचे पोपडे सुटतात, त्यांना चिकटून जुन्या विटेचा पापुद्राही निघतो. मग लोक अजून जाड सिमेंट करतात, त्यावर फरशा लावतात. हे चक्र तोडायचे तर सिमेंट खरवडून काढून भिंत एक उन्हाळा उघडी सुकू द्यावी लागते. घरच्यांना ते दिसायला वाईट वाटते, पाहुणे विचारतात. मी त्यांना थांबायला सांगते.

मग भट्टीचा चुना आणून हौदात विझवायचा. खळखळून उकळतो, वाफा येतात, तेव्हा पोरांना लांब ठेवायचे आणि डोळे सांभाळायचे. काही आठवडे तो पाण्याखाली मुरू द्यायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. एक भाग चुना, अडीच-तीन भाग चाळलेली वाळू, ओलसर जागेला थोडी विटांची भुकटी, म्हणजे सुरखी. आमच्याकडचे जुने गवंडी गूळ आणि बेलफळाचे पाणी घालत. एका वेळी अर्ध्या इंचाहून जाड थर देत नाहीत. तो नीट आवळून दुसरा थर, आणि सगळ्यावर दिवसातून दोन-तीनदा पाणी मारत, ओले गोणपाट लावून सावकाश सुकू द्यायचा. सिमेंटवाला गवंडी चौथ्या दिवशी पैसे मागतो, चुन्याच्या कामाला महिना लागतो. खर्च अधिक येतो तो मजुरीचा, मालाचा नव्हे. पण एकदा नीट केलेल्या चुन्याच्या भिंतीला फक्त सफेती लागते, आणि ती घरातली माणसेही देऊ शकतात.

परवानगी, वाटण्या, भाडेकरू हे विषय मी मुद्दाम थोडक्यात आटोपते. मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली केली आणि इमारतींच्या श्रेणी ठरवल्या. आपल्यासारख्या गावांतली बहुतेक घरे अशा कोणत्याही यादीत नाहीत, आणि ती यादीत येण्याची वाट पाहिली तर तोवर उरणार नाहीत. भाऊबंदकीत अडकलेल्या घरांना मात्र एक उपाय लागू पडताना पाहिला आहे. घराच्या मधोमध भिंत घालून वाटणी करण्याऐवजी चौक, ओसरी आणि देवघर सामाईक ठेवायचे, आणि प्रत्येक भावाने आपापली जोड परसात, आपल्या वाटणीच्या नळासह, वेगळ्या मीटरसह करायची. भांडणे संपतात असे नाही. पण चौकात भिंत उभी राहत नाही.

आपल्या गावापुरत्या तीन गोष्टी सुचवते, आणि त्या सुरू करायला सरकारची गरज नाही. पहिली, प्रत्येक जुन्या घराचे मोजमाप. दुरुस्तीला हात लावण्याआधी खणांचा नकाशा, तुळयांची जाडी, जोत्याची उंची, चौकातल्या मोरीची दिशा, आणि प्रत्येक खोलीचे फोटो. दहावीच्या मुलांना टेप आणि वही दिली तर ती हे काम उत्तम करतात, आणि आपल्याच घराकडे पहिल्यांदा नीट पाहतात. दुसरी, चुन्याचा एक सामाईक हौद. एकट्या घराला थोडासा चुना विझवणे परवडत नाही. गावाने दिवाळीनंतर एकदा विझवून ठेवला तर उन्हाळ्यापर्यंत दुरुस्तीला हवा तेवढा मुरलेला चुना मिळेल. ज्यांना चुन्याचे काम येते असे गवंडी तालुक्यात अजून आहेत, पण ते साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्याबरोबर प्रत्येक कामावर दोन तरुण गवंडी पगारी ठेवावेत, आणि त्या मजुरीची वर्गणी आपण करावी. तिसरी गोष्ट लाकडाची. घर पाडले की जुन्या सागाचे व्यापारी दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन दारात असतात आणि तुळया शहरातल्या हॉटेलांकडे रवाना होतात. ज्याला पाडायचेच आहे त्याला कुणी अडवू शकत नाही. पण त्याला योग्य भाव देऊन ते लाकूड इथेच एका छपराखाली रचून ठेवता येईल, म्हणजे शेजारच्या घरातली कुजलेली तुळई जोडायला त्याच मापाचा, त्याच वयाचा साग मिळेल. सरांच्या शाळेमागची जुनी शेड सध्या रिकामी आहे. कौले थोडी फुटली आहेत, वासे चांगले आहेत. ती मिळाली तर लाकूड रचण्याचे काम पावसाळ्याआधी सुरू करता येईल, आणि त्याची बोलणी करायला मी उद्याच मुख्याध्यापकांकडे जाणार आहे. ज्यांना बरोबर यायचे आहे त्यांनी सकाळी दहाला शाळेच्या फाटकाशी यावे.